साइड बॅगची सुटी चौकट: आधी पुठ्ठा, मग लोखंड

पश्चिम महाराष्ट्रात सकाळच्या वेळी दूध संकलन केंद्राच्या दारात लागलेल्या मोटरसायकली एकदा वाकून नीट पाहा. सीटच्या दोन्ही अंगांना लोखंडी स्टँड आणि त्यात दुधाचे कॅन. कॅन वरून खाली सोडलेले असतात, वर उचलले की निघतात. पाने घेऊन नटबोल्ट सोडत बसायला दूधवाल्याला सवड नसते. साइड बॅगची चौकट करायला जे काही कळावं लागतं, त्यातलं बरंचसं त्या स्टँडमध्ये दिसतं. वजन वरून टांगायचं, खाली फक्त टेकू द्यायचा आणि काढायची दिशा वर ठेवायची. खड्डा आला तरी वजन स्वतःहून जागेवरच बसतं.

बाजारात सॅडल स्टे, म्हणजे साइड बॅगा पेलणाऱ्या लोखंडी चौकटी, तयार मिळतात आणि त्यातले काही उत्तम असतात. पण बहुतेक एकदा बसवले की बसवलेच. ज्याची गाडी बाराही महिने बॅगांसकट फिरते, त्याने खुशाल तयार घ्यावेत. ज्याला सोमवार ते शुक्रवार त्याच गाडीवर ऑफिसला जायचं आहे, सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये ती घुसवायची आहे आणि महिन्यातून एकदा बॅगा लावून कोकणात उतरायचं आहे, त्याच्यासाठी ही सुटी चौकट.

खालचा नमुना मागे दोन शॉक (शॉक अॅब्सॉर्बर), उजवीकडे खालून जाणारा सायलेन्सर आणि मागच्या सीटला दोन्ही बाजूंनी बोल्टने बसवलेली धरायची कडी असलेल्या गाड्यांसाठी आहे. १०० सीसीपासून ३५० सीसीपर्यंतच्या आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या यात येतात. सायलेन्सर वर उचललेला असेल, कडी सीटखालच्या प्लास्टिकमध्ये दडलेली असेल किंवा मागचा पायटेकू फ्रेमऐवजी स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या, त्याच्याबरोबर वर-खाली होणाऱ्या दांड्यावर) असेल, तर हा नमुना जसाच्या तसा चालणार नाही.

पक्कं काय, सुटं काय

गाडीवर कायम राहणारा भाग जितका लहान तितका चांगला. आपल्या नमुन्यात प्रत्येक बाजूला दोनच तुकडे कायमचे. एक, कडीच्या दोन बोल्टांवर बसणारी आडवी पट्टी आणि तिच्या बाहेरच्या अंगाला वेल्ड केलेले दोन उभे बुश, म्हणजे आरपार भोकाच्या आखूड नळ्या. दुसरा, मागच्या पायटेकूच्या बोल्टवर बसणारा छोटा कान, ज्याला भोक असेल. याशिवाय डावी-उजवी पट्टी मागून जोडणारी एक आडवी पट्टी. एवढंच.

सुटा भाग म्हणजे पाइपची आयताकृती चौकट. तिच्या वरच्या दांड्याला खाली तोंड केलेल्या दोन खुंट्या. त्या बुशमध्ये उतरतात. खाली पुढच्या बाजूला चौकटीचा एक कान पायटेकूजवळच्या कानाला टेकतो आणि दोन्ही भोकांतून ८ मिमीची पिन जाते. वजन खुंट्या घेतात, चौकट वर उसळू नये एवढंच पिनेचं काम. पिनेवर वजन येईल अशी रचना असेल तर पिन झिजते, भोक लांबट होतं आणि काही दिवसांत सगळं खडखडायला लागतं.

बॅग चौकटीलाच कायमची बांधलेली ठेवायची. मुक्कामाला पोचल्यावर दोन पिना ओढल्या की बॅग-चौकट एकत्र खोलीत. पट्टे सोडा-बांधायची कटकट नाही.

नियमांचं थोडक्यात

फ्रेमला भोक पाडायचं नाही, फ्रेमवर वेल्डिंग करायचं नाही, फ्रेम कापायची तर नाहीच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी फेरफार करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं आहे. म्हणून सगळं मूळ बोल्टांवर, आणि काढलं की गाडी होती तशी.

दुसरं, साडी गार्ड. डावीकडे बॅगेच्या आड येतो म्हणून पुष्कळजण तो आधी काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे माणूस बसवायची सोय असलेल्या गाडीला धरायची कडी, पायटेकू आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असावं लागतं. ओढणी चाकात जाऊन काय होतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. गार्ड ठेवा, चौकट त्याच्या बाहेरून घ्या. इंडिकेटर, टेललाइट आणि नंबरप्लेट मागून व बाजूने पूर्ण दिसली पाहिजे. इंडिकेटर झाकला जात असेल तर चौकट पुढे किंवा खाली सरकवा.

सामान

चौकटीसाठी १६ मिमी बाहेरचा व्यास आणि १.६ मिमी जाडीचा एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पाइप, प्रत्येक बाजूला साधारण दीड मीटर. पट्ट्यांसाठी २५ × ५ मिमीची एमएस पट्टी, सगळं मिळून दीड-दोन मीटर. ही पट्टी मीटरला जवळपास एक किलो भरते, पाइप मीटरला अर्ध्या किलोच्या थोडा वर. दोन्ही बाजू, मागची पट्टी, नटबोल्ट धरून साडेतीन-चार किलोंत काम व्हावं. सहा किलोंवर गेलं तर वेल्डिंगवाल्याने तुम्हाला खिडकीचं ग्रिल करून दिलं आहे असं समजा.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घेऊ नका. गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळतं, त्याच्या पांढऱ्या धुराने करणाऱ्याला संध्याकाळी ताप भरू शकतो आणि सांधाही नीट धरत नाही. ग्रिलचे भरीव गज वापरता येतात. १० मिमीचा गज मीटरला ६०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वजन पाइपइतकंच पडतं, पण तो लवकर वाकतो. पाइप तेवढ्याच वजनात जास्त ताठ राहतो.

खुंट्यांसाठी १२ मिमीचा ब्राइट बार मागा. साध्या गजाची जाडी जागोजागी थोडी बदलते आणि तो पुरता गोलही नसतो. ब्राइट बार मापात असतो आणि इथे आपल्याला मापच हवं आहे. बुशसाठी २० मिमीचा ब्राइट बार, ४० मिमीचे चार तुकडे. बाकी ८ मिमीचे, डोक्यावर ८.८ कोरलेले बोल्ट, नायलॉन कडं असलेले नट, जाड वायसर, ८ मिमीच्या दोन पिना आणि त्या निसटू नयेत म्हणून त्यांच्या टोकाच्या भोकात अडकवायच्या तारेच्या आर-पिना. कोल्हापूरला उद्यमनगर, पुण्याकडे भोसरी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, या भागांत हे सगळं एका फेरीत मिळतं. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात जा. आर-पिना तिथे हमखास असतात, कारण ट्रॅक्टरचं निम्मं जग पिनेवर चालतं.

हत्यारं: हॅक्सॉ, कानस, ड्रिल, सेंटर पंच, गुण्या, टेप, १२ आणि १३ नंबरचे पाने. वेल्डिंग आणि लेथचं काम बाहेरून करून घ्यायचं, असं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

पुठ्ठ्याचा दिवस

याला अख्खा दिवस द्या. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा.

आधी आतली मर्यादा ठरवा. मागच्या चाकाजवळ एक सरळ फळी उभी धरा आणि बाजूने सर्वांत बाहेर काय आलं आहे ते बघा: अॅक्सलचा नट, चेन अॅडजस्टर, शॉकच्या खालच्या बोल्टचं टोक, ड्रम ब्रेकची दांडी. यातलं बरंचसं चाकाबरोबर वर-खाली होतं. मागचं चाक खड्ड्यात सहज आठ-दहा सेंटीमीटर वर येतं, म्हणजे आज बॅगेच्या खाली दिसणारा नट उद्या बॅगेच्या शेजारी असेल. म्हणून हिशेब सोपा ठेवा. हलणाऱ्या सगळ्यात बाहेरच्या वस्तूपासून निदान २५ मिमी बाहेर बॅगेची आतली बाजू. मग चाक किती वर येतं याचा विचारच करावा लागत नाही.

याच कारणाने चौकटीचा कुठलाही भाग शॉकच्या खालच्या बोल्टला किंवा स्विंगआर्मला अडकवायचा नाही. वरचं टोक फ्रेमवर आणि खालचं स्विंगआर्मवर अशी चौकट चौकट न राहता तिसरा शॉक होते, आणि लवकरच तुटते.

आता पुढची मर्यादा. मागे कुणाला तरी बसवा. त्यांची टाच पायटेकूवर असताना मागे कुठवर येते तिथे खूण करा. बॅगेची पुढची कड त्या खुणेच्या मागे. घरी पायटेकूवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसणारं कुणी असेल तर त्यांनाही बसवून बघा, डावीकडची खूण बदलेल. उजवीकडे किक असेल तर ती पूर्ण खाली दाबून बघा.

खालची मर्यादा उजवीकडे सायलेन्सर ठरवतो. बॅगेचा तळ आणि सायलेन्सर यांच्यात सात-आठ सेंटीमीटर हवेत. तेवढे मिळत नसतील तर बॅग उथळ घ्या. मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा लावता येतो, पण तो बॅगेला चिकटवून उपयोग नाही. पत्रा आणि बॅग यांच्यात बोटभर मोकळी हवा राहिली तरच तो उष्णता अडवतो. गाडी चालू असताना वाऱ्याने फारसं जाणवत नाही, खरी परीक्षा घाट चढून आल्यावर टपरीवर गाडी उभी केल्यावर होते. नायलॉन तेव्हा मऊ पडतं.

बाहेरची मर्यादा हँडलची टोकं. वाहतुकीत आपण फट जोखतो ती हँडलवरून, आणि बॅगा त्याच्या बाहेर गेल्या की तो अंदाज चुकतो.

या चार मर्यादांत बसेल असा जाड पुठ्ठा कापा. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा उत्तम. मध्यम गाडीला साधारण ४० सेंटीमीटर लांब आणि २८ सेंटीमीटर उंच चौकट निघते. पुठ्ठा दोरीने कडीला टांगा, बॅग त्यावर चिकटपट्टीने लावा आणि दोन पावलं मागे जाऊन बघा. तिरकी दिसते आहे का, दोन्ही बाजू एका उंचीवर आहेत का, इंडिकेटर मोकळा आहे का. नंतर आठ नंबरची जीआय तार वाकवून पट्टी आणि कानाचे आकार करून घ्या. वेल्डिंगवाल्याला कागदावरचं चित्र देण्यापेक्षा वाकवलेली तार दिलेली शतपटीने बरी.

डावी चौकट उजवीचा आरसा असेल असं समजू नका. सायलेन्सरमुळे उजवीकडे खालचा कान वेगळा येतो. दोन्ही बाजूंचे पुठ्ठे स्वतंत्र करा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत डावा-उजवा, वर-पुढे लिहा.

कायमची पट्टी

कडीच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजून पट्टीवर सेंटर पंचने खूण करा आणि ८ मिमीच्या बोल्टसाठी ८.५ मिमीची भोकं पाडा. ५ मिमीच्या पट्टीत थेट मोठं बिट घालू नका. आधी ४ मिमी, मग मोठं, थेंबभर तेल घालून.

पट्टी बाजूच्या पॅनेलला किंवा इंडिकेटरच्या दांड्याला घासत असेल तर मध्ये पाइपचा तुकडा स्पेसर म्हणून घालावा लागतो. स्पेसर २० मिमीच्या आत ठेवा. त्याहून लांब झाला की बोल्टवर ताण येण्याऐवजी बाक येतो, आणि बोल्ट ताण सोसतो, बाक सोसत नाही. जास्त अंतर हवं असेल तर पट्टीलाच झेडसारखा वळसा द्या.

मूळ बोल्ट आता आखूड पडेल. नवा बोल्ट त्याच पिचचा, म्हणजे आट्यांमधलं अंतर तेच (८ मिमीला बहुधा १.२५ मिमी), ८.८ दर्जाचा, आणि जितकी जाडी वाढवली तितकाच लांब. आत निदान १० ते १२ मिमी आटे धरले पाहिजेत. उलट फार लांबही नको, काही गाड्यांत तो आत वायरिंगला किंवा मडगार्डला टेकतो. नवा बोल्ट आधी हाताने पूर्ण आत जातो का पाहा. अडला तर पाना लावून ढकलू नका. फ्रेममधले आटे गेले तर दुरुस्ती या सगळ्या प्रकल्पापेक्षा महाग पडते.

मागची आडवी पट्टी वगळायचा मोह होईल. वगळू नका. एका बाजूची बॅग खालून आत, चाकाकडे झुकायला बघते. दोन्ही बाजू मागून एकमेकींना बांधल्या की दोन्ही झोक एकमेकांना अडवतात. ती टेललाइटच्या खाली आणि नंबरप्लेटच्या वर किंवा मागच्या मडगार्डच्या आतून घ्या, दोन्ही टोकांना एकेक ८ मिमीचा बोल्ट.

बुश आणि खुंटी

चौकट सुटी असूनही हलायला नको, हे या कामातलं खरं कौशल्य. सुट्या जोडात मिलिमीटरभर ढिलाई राहिली की एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर तिला हातोडीसारखं ठोकत राहते. आवाज आधी येतो, झीज मागून येते.

१६ मिमी पाइपचा आतला व्यास १२.८ मिमी असतो, म्हणून पुष्कळजण त्याचाच बुश करतात आणि १२ मिमीची खुंटी त्यात घालतात. ०.८ मिमीची ही ढिलाई हाताला किरकोळ वाटते, पण खुंटीपासून ३० सेंटीमीटर खाली, बॅगेच्या तळाशी ती कितीतरी पटींनी वाढून दिसते. लेथवाल्याकडे जा. २० मिमी ब्राइट बारच्या ४० मिमी तुकड्यात आरपार १२.२ मिमीचं भोक सांगा. त्याच्यासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे, चार बुश एका चहाच्या वेळात होतात. वरच्या तोंडाला थोडा उतार घ्यायला सांगा, म्हणजे अंधारातसुद्धा खुंटी शोधत बसावी लागत नाही. बुश आरपारच हवा. खाली बंद असला तर पावसाचं पाणी आणि चिखल साठतो आणि जुलैत घातलेली चौकट ऑगस्टमध्ये निघत नाही.

खुंट्या ५० मिमी लांब. आणि एक बारकी युक्ती: पुढची खुंटी मागचीपेक्षा १० मिमी लांब ठेवा. दोन्ही सारख्या असल्या की दोन भोकांत एकाच वेळी नेम धरावा लागतो, भरलेल्या बॅगेसकट ते वैताग आणतं. एक लांब असली की आधी ती टेकवायची, मग दुसरी आपोआप जागेवर येते. टोकं कानसीने गोलसर करा.

दोन बुशमधलं अंतर १८ ते २० सेंटीमीटर ठेवा. जवळ घेतले तर चौकट डोलते.

वेल्डिंग

गाडीवर वेल्डिंग करू देऊ नका. ‘जागेवरच दोन टाके मारतो, एकदम फिट बसेल’ असं वेल्डिंगवाला म्हणेल आणि त्याचा अनुभव मोठा असतो हे खरं. पण पेट्रोलची टाकी फूटभर अंतरावर असते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंधनाचं नियंत्रण ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक करतो आणि वेल्डिंगचा करंट भलत्या वाटेने गेला तर तो निकामी होऊ शकतो. अर्थिंगचा चिमटा चुकीच्या जागी लागला तर करंट बेअरिंगमधून जाऊन तीही खराब होते.

त्याऐवजी प्लायचा जाड तुकडा घ्या. गाडीवरच्या कडीच्या बोल्टांची आणि पायटेकूच्या बोल्टची जागा पुठ्ठ्यावरून त्यावर उतरवा, भोकं पाडून तिथे बोल्ट उभे करा. हा तुमचा साचा. पट्टी आणि कान या साच्यावर बोल्टने बसवायचे, खुंट्या बुशमध्ये घालायच्या, आणि मगच बुश पट्टीला व खुंट्या चौकटीला टाक्यांनी धरायच्या. वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंड स्वतःकडे ओढतो. बुश आणि खुंट्या वेगवेगळ्या जोडून नंतर एकमेकांत बसवायला गेलात तर बसणार नाहीत. प्लाय जळू नये म्हणून टाके मारताना ओलं फडकं आणि पत्र्याचा तुकडा जवळ असू द्या.

टाके झाले की चौकट वर उचलून काढून बघा. सहज निघून सहज बसली तर पूर्ण वेल्ड, तेही एका दमात नाही, थोडं इकडे, थोडं तिकडे. अडकत असेल तर टाका तोडणं अजून सोपं आहे. पाइपची जाडी १.६ मिमीच आहे. २.५ मिमीचा रॉड आणि कमी करंट सांगा, नाहीतर भोक पडतं आणि ते बुजवायला गड्डा साचतो. चकचकीत ग्राइंडिंगचा आग्रह धरू नका. वेल्डचा फुगवटा घासून सपाट केला की दिसतं छान आणि ताकद जाते.

पाइप वाकवायला बेंडर मिळाला तर उत्तम. नाहीतर कोपऱ्यावर ४५ अंशांत कापून जोडा. उघडी टोकं बंद करा, पण चौकटीच्या तळाला ३ मिमीचं एक भोक ठेवा, आतला दमटपणा बाहेर पडायला.

रंगाआधी गाडीवर

कोऱ्या लोखंडातच सगळं गाडीवर चढवा. साच्यात न कळलेल्या गोष्टी आता कळतात. मधला स्टँड काढून गाडी साइड स्टँडवर टेका: डावी चौकट जमिनीपासून किती वर राहते? मागे दोघांना बसवून दणके द्या. हँडल धरून गाडी मागे ढकला, चेनकव्हरला काही लागतं का ऐका. मागचा शॉक कडक करायचा पाना खाचेत जातो का, चेन ताणायला अॅक्सलचा नट सुटतो का, पंक्चर झाल्यावर चाक निघतं का, हेही बघून घ्या. कायमची पट्टी पंक्चरवाल्याच्या वाटेत येता कामा नये.

चौकटीचा तळ हाताने आत-बाहेर हलवा. हलत असेल तर खालच्या दोन कानांमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, म्हणजे पिन घालताना थोडा दाब लागेल. रबर फक्त अशा टेकणाऱ्या जागी. बोल्टच्या डोक्याखाली किंवा पट्टी आणि फ्रेमच्या मध्ये रबर घातलं तर ते दबत जातं आणि बोल्ट सैल पडतो.

मग रंग. रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर काळा ऑइलपेंट पुरतो. खरवडला तर घरीच दुरुस्त होतो. पावडर कोटिंग जास्त टिकतं, पण त्याचा थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो, आणि खुंटीच्या दोन्ही अंगांना मिळून तो आपली ०.२ मिमीची जागा जवळजवळ खाऊन टाकतो. खुंट्या, बुशचा आतला भाग आणि बोल्ट टेकतात त्या जागा झाकून कोटिंग करायला सांगा. उघड्या राहिलेल्या लोखंडाला ग्रीस.

बॅग चौकटीवर

नुसत्या पाइपवर मऊ बॅग बांधली तर ती चौकटीच्या पोकळीतून आत फुगते, आणि आत शॉकची स्प्रिंग असते. पाठीला सपाट काहीतरी हवं. जुना निळा प्लास्टिकचा ड्रम कापून उन्हात तापवून सपाट केला की झकास पाट मिळतो: हलका, पाण्याला न भिणारा, कोयत्यानेही कापता येणारा. त्याला भोकं पाडून चौकटीला बांधा. प्लायचा पाट पहिल्या पावसात फुगतो.

बॅग पाटाला २५ मिमीच्या नायलॉन निवारीने बांधा, दोन उभ्या पट्ट्या आणि एक आडवी. बकल बाहेरच्या अंगाला. निवारीची कापलेली टोकं काडीने वितळवून घ्या आणि उरलेली शेपटं गुंडाळून रबरात अडकवा. लोंबणारी शेपटी चेनमध्ये किंवा आऱ्यांमध्ये जाते तेव्हा चाक अडकायला क्षण लागतो. सगळ्या बांधणीत मला सर्वांत जास्त भीती या एका गोष्टीची वाटते.

वजन घालून

सुरुवातीला एका बाजूला पाच किलोंची पिठाची पिशवी, दुसऱ्या बाजूला तेवढीच. घराजवळ दहा-बारा किलोमीटर, गतिरोधक आणि खराब रस्ता निवडून. परत आल्यावर प्रत्येक नटावर पाना लावून बघा. बसवताना नट आणि पट्टी यांच्यावरून नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवलीत तर नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, दरवेळी पाना लागत नाही. ८ मिमीच्या ८.८ बोल्टला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळणं पुरे, पण फ्रेममध्ये जाणाऱ्या बोल्टला गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळा.

या चौकटीवर एका बाजूला मी सात-आठ किलोंच्या वर सुचवणार नाही. पाइप त्याहून जास्त पेलेल, कडीचे बोल्ट मात्र कंपनीने माणसाच्या हाताच्या ओढीसाठी दिलेले असतात, पोत्यासाठी नाहीत. स्वार, मागचा माणूस आणि सामान मिळून गाडीच्या पुस्तकात दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. दोन्ही बाजूंत किलोभराचा फरक हँडलला जाणवतो. जड वस्तू तळाशी आणि पुढे. मागच्या टायरची हवा डबल सीटच्या आकड्याला आणि शॉक एक-दोन खाचा कडक.

चोरीचं म्हणाल तर आर-पिन कुणीही ओढू शकतो. हॉटेलसमोर अर्धा तास गाडी ठेवायची असेल तर आर-पिनेच्या भोकात बसेल असं सूटकेसचं छोटं कुलूप लावा. हौशी चोर अडतो, सराईत नाही. रात्रीला चौकट खोलीतच न्या, त्याचसाठी ती सुटी केली आहे.

चौकट काढलेली असताना बुशची तोंडं उघडी राहतात. १२ मिमीच्या छिद्राला बसतील अशी रबरी बुचं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ती वरून दाबून ठेवा. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर खाऱ्या हवेत पावसाळ्याआधी आणि नंतर खुंट्या पुसून नवं ग्रीस लावावं लागेल, घाटावर वर्षातून एकदा पुरतं. आणि आर-पिना दोन जास्तीच्या घेऊन टूलकिटमध्ये टाकून ठेवा. त्या हरवतातच, आणि हरवल्या की पुढचं ट्रॅक्टरचं दुकान नेमकं रविवारी बंद असतं.